सांगण्यासाठी शिकलेली भाषा

अमेरिकेतल्या युटा राज्यात प्रोव्हो नावाचे शहर आहे. तिथे ब्रिगम यंग विद्यापीठाच्या शेजारी मॉर्मन चर्चचे मिशनरी प्रशिक्षण केंद्र आहे. अठरा-एकोणीस वर्षांची मुले-मुली इथे येतात, छातीवर नावाची काळी पाटी लावतात आणि पहिले नाव मागे ठेवून ‘एल्डर’ किंवा ‘सिस्टर’ या संबोधनापुढे आडनाव जोडून वावरू लागतात. मुलांची सेवा दोन वर्षांची, मुलींची दीड वर्षाची. खर्चाचा भार बहुतांशी त्यांच्यावर किंवा त्यांच्या घरच्यांवर. कुठे जायचे हे ते निवडत नाहीत. चर्चकडून येणाऱ्या पत्रात ठिकाण आणि भाषा दोन्ही ठरलेल्या असतात. ज्यांच्या पत्रात स्पॅनिश असते त्यांना साधारण सहा आठवडे मिळतात आणि त्यातला काही भाग अलीकडे घरूनच ऑनलाइन होतो. मग ते पेरू, मेक्सिको, अर्जेंटिना किंवा अमेरिकेतल्याच एखाद्या स्पॅनिशभाषक वस्तीत जाऊन अनोळखी माणसाशी त्याच्या श्रद्धेविषयी, मृत्यूविषयी, कुटुंबाविषयी बोलू लागतात. जगभर असे सत्तर हजारांहून अधिक पूर्णवेळ मिशनरी आज काम करत आहेत. धर्मप्रसाराबद्दल कुणाचे मत काहीही असो, भाषा शिकण्याचा इतका मोठा आणि इतका शिस्तबद्ध प्रयोग जगात क्वचितच कुठे चालत असेल. त्याच्याकडे भाषेच्या अंगाने पाहिले पाहिजे, कारण परकी भाषा माणसात कशी रुजते आणि कुठे अडते, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे तिथे एकत्र सापडतात.

अमेरिकी परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था आपल्या अधिकाऱ्यांना कामापुरती स्पॅनिश यावी म्हणून साधारण चोवीस ते तीस आठवडे देते. मिशनरीला मिळणारा वेळ त्याचा चौथा-पाचवा हिस्सा. तरीही तो बोलू लागतो. श्रद्धावान मॉर्मन माणूस याला पवित्र आत्म्याने दिलेले वाणीचे दान म्हणतो. बाहेरचा चिकित्सक म्हणतो, सकाळी साडेसहाला उठून रात्री साडेदहापर्यंत एकच काम केले तर कुणालाही भाषा येईल. दोन्ही उत्तरे मला अपुरी वाटतात. पहिले उत्तर अनुभवातून आलेले आहे, त्याचा आदर ठेवावा. पण वाणीचे दान मिळालेल्यांनाही क्रियापदे चालवावी लागतातच. दुसरे उत्तर तासांचा हिशेब करते आणि त्या तासांत काय घडते ते सोडून देते. माझे म्हणणे असे, की या मुलांची जीभ लवकर सुटते ती सांगण्याच्या निकडीमुळे. त्यांच्याजवळ सांगायला काहीतरी असते, ते कुणाला सांगायचे हे ठरलेले असते आणि तयारी पूर्ण होण्याआधीच ते सांगावे लागते. मात्र हीच निकड त्यांच्या भाषेची सीमाही आखते. सांगण्याच्या निकडीतून भाषा सुरू होते. ती खरोखर आपली व्हायची असेल तर ऐकण्याची सक्ती लागते, आणि ती प्रशिक्षण केंद्राच्या भिंतींच्या आत पुरेशी मिळत नाही.

आधी या पद्धतीचे बळ पाहू. केंद्रात आल्यावर पहिल्या काही दिवसांतच विद्यार्थ्याला स्पॅनिशमध्ये मोठ्याने प्रार्थना करावी लागते. मॉर्मन प्रार्थनेला पाठ केलेला मजकूर नसतो, पण ठरलेला सांगाडा असतो: स्वर्गीय पित्याला हाक, मिळालेल्याबद्दल कृतज्ञता, हवे त्याची मागणी, आणि येशू ख्रिस्ताच्या नावाने समारोप. विद्यार्थी ‘ते दामोस ग्रासियास पोर’ म्हणतो, म्हणजे ‘आम्ही तुझे आभार मानतो’, आणि पुढे माहीत असलेली नामे जोडत जातो: हा दिवस, आमची कुटुंबे, आमचे शिक्षक. मग मागणी येते, ‘ते पेदीमोस के’, आणि इथे स्पॅनिश व्याकरण त्याला अडवते. विनंतीनंतरचे क्रियापद साध्या वर्तमानात चालत नाही. ‘तू मदत करतोस’ याऐवजी ‘तू मदत करावीस’ असे इच्छादर्शक रूप लागते. कॉलेजातल्या पाठ्यपुस्तकांत हे रूप सहसा बरेच पुढे येते, कारण ते अवघड मानले जाते. इथे ते पहिल्याच आठवड्यात येते, कारण त्याशिवाय मागता येत नाही. विद्यार्थ्याला नियम नंतर कळतो. ‘नोस आयूदेस’, ‘नोस बेंदीगास’ ही रूपे त्याआधीच तोंडात बसलेली असतात. रोज सकाळी, जेवणाआधी, वर्गाच्या सुरुवातीला आणि झोपण्यापूर्वी तोच सांगाडा वेगवेगळ्या शब्दांनी भरायचा. व्याकरण शिकण्याचे कारण व्याकरणाच्या आधी हाती येणे, ही या केंद्राची खरी किमया आहे.

दुसरे साधन म्हणजे सरावाची भेट. केंद्रातले बहुतेक शिक्षक सेवा संपवून परतलेले तरुणच असतात, पुष्कळदा शेजारच्या विद्यापीठात शिकणारे. वर्गात सकाळी क्रियापदे समजावून देणारा शिक्षकच दुपारी दुसऱ्या खोलीत एखाद्या स्पॅनिशभाषक गृहस्थाची भूमिका घेऊन बसतो. दोन विद्यार्थी दार ठोठावतात. मिशनरी नेहमी जोडीने असतात. ही जोडी वरून ठरवली जाते आणि ती सतत बरोबर राहते. एकाने सुरुवातीची ओळख आणि पहिला प्रश्न घोकून ठेवलेला असतो. प्रश्न नीट विचारला जातो. मग समोरचा माणूस उत्तर देतो, सलग आणि नेहमीच्या वेगाने, आणि त्यातले दोनच शब्द कळतात: मुलगा आणि हॉस्पिटल. आता पुढचे वाक्य कोणते? घोकलेले वाक्य देवाच्या प्रेमाविषयी आहे, पण समोर बहुधा आजारी मुलाविषयी काही सांगितले गेले आहे. अशा वेळी विद्यार्थी जोडीदाराकडे पाहतो, मोडकातोडका प्रश्न जुळवतो, चुकतो, पुन्हा विचारतो. खोलीतून बाहेर येताना आपल्याला कोणता शब्द हवा होता हे त्याला नेमके ठाऊक असते, आणि असा शब्द सहसा विसरला जात नाही.

याला संशोधनाचा आधार आहे. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात १९६५ पासून इंग्रजीभाषक मुलांना फ्रेंच माध्यमातून शिकवण्याचा प्रयोग सुरू झाला. वर्षानुवर्षे फ्रेंचमध्ये विज्ञान आणि इतिहास शिकलेली ही मुले समजण्यात जवळपास फ्रेंच मुलांच्या बरोबरीला आली, पण बोलण्यात आणि लिहिण्यात मूलभूत चुका करत राहिली. मेरिल स्वेन या अभ्यासिकेने १९८५ साली त्याचे कारण मांडले: या मुलांनी ऐकले भरपूर, पण आपले म्हणणे नेमके पोहोचवण्याची जबाबदारी त्यांच्यावर फारशी आली नाही. बोलावे लागले म्हणजे आपल्याला काय येत नाही हे कळते, आणि ते कळल्याशिवाय पुढचे शिकणे नेमके होत नाही. शाळेत वर्षानुवर्षे इंग्रजी शिकूनही चारचौघांत इंग्रजीत तोंड उघडायला बिचकणारी मुले महाराष्ट्राने पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहेत. त्यांची बुद्धी कमी नाही आणि तासही कमी नाहीत. त्या भाषेत कुणाला काही सांगण्याची त्यांना कधी गरजच पडलेली नसते.

यावर पहिला आक्षेप स्वाभाविक आहे. स्पॅनिश येते ती पुढच्या दीड-दोन वर्षांच्या वास्तव्यामुळे, त्याचे श्रेय सहा आठवड्यांना कशाला? आक्षेपात तथ्य आहे. प्रोव्होतून निघालेला विद्यार्थी लिमा किंवा ग्वातेमाला सिटीत उतरतो तेव्हा पहिले काही आठवडे त्याला बसवाल्याचेही बोलणे कळत नाही. परंतु परक्या देशात राहिल्याने आपोआप भाषा येत नाही, हेही तितकेच खरे. परदेशात एखादे सत्र घालवून येणारे विद्यार्थी आपल्याच देशबांधवांच्या घोळक्यात राहिले तर फारसे काही न शिकता परततात. नोकरीनिमित्त दशकभर दुसऱ्या राज्यात राहून तिथल्या भाषेत भाजीपुरतेच बोलणारी माणसे आपल्याही आसपास आहेत. वास्तव्याने संधी मिळते. ती घेण्याची सवय आधी लागावी लागते. केंद्र ही सवय लावते. अर्धवट भाषेत, चुका करत, न लाजता अनोळखी माणसासमोर उभे राहण्याचा अभ्यास तिथे होतो. सहा आठवड्यांत शिकलेल्या स्पॅनिशपेक्षा सहा आठवड्यांत गेलेला संकोच जास्त मोलाचा असतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो मला मान्य करावासा वाटतो. लवकर बोलू लागणाऱ्याची भाषा लवकर थिजते. १९८२ साली हिग्ज आणि क्लिफर्ड या अमेरिकी अभ्यासकांनी असे मांडले, की व्याकरणाचा पाया कच्चा असताना केवळ संवादावर भर दिलेले लोक एका मध्यम पातळीवर अडकतात. त्यांचे काम भागत असते, म्हणून चुका सुधारायचे कारण उरत नाही. यातले क्लिफर्ड पुढे ब्रिगम यंग विद्यापीठातच भाषा-अभ्यास केंद्राचे प्रमुख झाले, म्हणजे हा प्रश्न तिथे अनोळखी नाही. मिशनरीच्या बाबतीत त्याला आणखी एक बाजू आहे. त्याला पश्चात्ताप, बाप्तिस्मा, प्रकटीकरण, प्रायश्चित्त हे जड शब्द अस्खलित येतात, पण वीजबिल, भाडेकरार, मुलाचा जुलाब किंवा कारखान्यातली पाळी यांविषयी समोरचा बोलू लागला की त्याची वाट अडते. म्हणजे ज्याचे जीवन सावरायला तो आला आहे, त्या जीवनाचेच शब्द त्याच्याजवळ सर्वांत कमी असतात. हेतूने भाषा दिली आणि हेतूनेच तिची कुंपणे घातली, ती अशी.

चर्चच्या स्वतःच्या इतिहासातही हे दिसते. १९६१ साली चर्चने जगभरासाठी सहा धड्यांची एकसारखी मांडणी लागू केली. १९६३ साली प्रोव्होत भाषा-प्रशिक्षणासाठी स्वतंत्र मिशन उभे राहिले, त्याचेच १९७८ साली आजचे प्रशिक्षण केंद्र झाले. त्या काळात परदेशी जाणारा मिशनरी हे धडे परभाषेत शब्दशः पाठ करी. पाठांतराने उच्चार स्वच्छ होत, मोठी वाक्ये न अडखळता येत, पण ऐकणाऱ्याने मध्येच काही विचारले की धागा तुटे. कारण त्या धड्यांत समोरच्याची उत्तरेही आधीच गृहीत धरलेली होती. पुढे पाठांतराचा जोर ओसरत गेला आणि २००४ साली नवे मार्गदर्शक पुस्तक आले, त्यात मिशनरीने स्वतःच्या शब्दांत, समोरच्या माणसाची गरज पाहून शिकवावे असे सांगितले. मला हा बदल फार महत्त्वाचा वाटतो. चार दशकांच्या अनुभवानंतर एका जागतिक संस्थेने कबूल केले, की ठरलेले बोलणे हा संवाद नव्हे. मात्र बदल पद्धतीचा झाला. संवाद बाप्तिस्म्याकडेच जावा, ही दिशा तशीच राहिली.

ही दिशा तशीच राहिली की काय होते, याचे उदाहरण मेक्सिकोत आहे. मॉर्मन ग्रंथाचे निवडक उतारे १८७५ साली स्पॅनिशमध्ये छापले गेले आणि १८७६ साली पहिले मिशनरी ते घेऊन मेक्सिकोत गेले. त्या ग्रंथातून मूळ अमेरिकी लोकांना एक विलक्षण गोष्ट सांगितली जात होती: तुम्ही प्राचीन इस्राएलाचे वंशज आहात, तुम्हाला मोठे भविष्य आहे. जनुकशास्त्राचा पुरावा मूळ अमेरिकी लोकांचे पूर्वज आशियातून आल्याचे सांगतो, आणि चर्चनेही अलीकडे ग्रंथाच्या प्रस्तावनेत ‘प्रमुख पूर्वज’ याऐवजी ‘पूर्वजांपैकी’ असा सौम्य बदल केला. पण मेक्सिकोतल्या अनेकांनी ती गोष्ट मनापासून स्वीकारली. १९२६ साली मेक्सिकन सरकारने परदेशी धर्मोपदेशकांना बाहेर काढले, तेव्हा स्थानिक सदस्यांनीच मंडळ्या चालवल्या. मग त्यांनी साधा प्रश्न विचारला: आम्ही वचनाचे वारस असू, तर आमचा मिशन अध्यक्ष मेक्सिकन का नसावा? १९३६ साली ‘तिसरी परिषद’ भरवून त्यांनी ही मागणी लेखी केली. मागणी नाकारली गेली, पुढाऱ्यांना बहिष्कृत केले गेले आणि मेक्सिकोतल्या सदस्यांपैकी साधारण एक तृतीयांश बाहेर पडले. १९४६ साली चर्चचे अध्यक्ष जॉर्ज अल्बर्ट स्मिथ स्वतः मेक्सिकोत गेले, लोकांत मिसळले, तेव्हा समेट झाला. साठ वर्षे स्पॅनिशमध्ये सांगणाऱ्या संस्थेला स्पॅनिशमध्ये आलेले उत्तर ऐकायला आणखी दहा वर्षे लागली. भाषेची कमतरता तिथे नव्हती. ज्याला आपण सांगायला आलो त्यालाही आपल्याला काही सांगायचे असू शकते, ही शक्यताच त्या शिक्षणात धरलेली नव्हती.

मराठी वाचकाला या ठिकाणी फादर थॉमस स्टीफन्स आठवणे साहजिक आहे. तो इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि त्याचे क्रिस्तपुराण १६१६ साली छापले गेले. मधे सदतीस वर्षे गेली. सुमारे अकरा हजार ओव्या लिहायच्या तर सांगणे पुरत नाही, आधी लोकांच्या कीर्तन-पुराणांच्या भाषेत मुरावे लागते. भाषेच्या खोलीत सहा आठवड्यांचा मॉर्मन विद्यार्थी स्टीफन्सच्या आसपासही नाही. पण एवढ्यावर निकाल देता येत नाही. स्टीफन्स गोव्यातल्या ज्या साष्टीत राहिला तिथली देवळे त्याच्या आगमनाच्या बारा वर्षे आधी पोर्तुगीज सत्तेने पाडली होती; त्याच्या गोड भाषेमागे तलवार उभी होती, त्याला स्वतःला ती हवी असो वा नसो. प्रोव्होतल्या मुलामागे कुठलीही तलवार नाही. त्याच्या तोंडावर कुणीही दार लावू शकतो, आणि बहुतेक जण लावतातच. हा फरक मला निर्णायक वाटतो. समोरच्याला नकार देण्याचे स्वातंत्र्य असेल तिथेच परकी भाषा बोलणारा शिकण्याच्या जागी उभा राहतो. सत्तेच्या पाठबळाने बोलणाऱ्याची भाषा कितीही सुंदर असली तरी त्याला ऐकण्याची सक्ती होत नाही.

तिसरा आक्षेप नैतिक आहे. अठरा वर्षांच्या मुलाला घरापासून तोडायचे, पहिले नाव वापरू द्यायचे नाही, क्षणभर एकटे राहू द्यायचे नाही आणि या अवस्थेत भाषेबरोबर निश्चितीही शिकवायची, हे शिक्षण की मनाची घडवणूक? हा प्रश्न झटकून टाकू नये. स्पॅनिशमध्ये ‘मला ठाऊक आहे, की हे खरे आहे’ असे रोज म्हणणाऱ्या मुलाला आपल्या शंका त्या भाषेत मांडायला कुणी शिकवत नाही. शंकेची भाषा त्याला नंतर, एकट्याने शोधावी लागते. २०१९ सालापर्यंत घरी फोन करायची परवानगी वर्षातून जेमतेम दोनदा होती. त्यानंतर दर आठवड्याला बोलता येऊ लागले. हा बदल चांगला होता, आणि तो इतक्या उशिरा झाला ही खेदाची गोष्ट आहे. तरीही या मुलांना केवळ घडवलेल्या बाहुल्या समजणे अन्यायाचे ठरेल. घडवणुकीचा हेतू जो काही असो, तिने त्यांना अशा ठिकाणी नेऊन ठेवलेले असते जिथे घडवणाऱ्याचे नियंत्रण संपते. केंद्रातला शिक्षक गृहस्थाची भूमिका करतो तेव्हा शेवटी तो विद्यार्थ्याच्या बाजूचाच असतो. पेरूतल्या आरेकिपातली खरी गृहिणी कुणाच्याच बाजूची नसते. ती म्हणते, मी कॅथलिक आहे आणि तशीच राहणार, पण बसा, पाणी घ्या. मग ती आपल्या मुलाविषयी, गावाविषयी, कधी क्वेचुआ बोलणाऱ्या आणि स्वतःच स्पॅनिश नंतर शिकलेल्या आपल्या आईविषयी बोलते. सांगण्याचे काम तिथे संपलेले असते. आता मिशनरीजवळ फक्त भाषा उरते, आणि त्या भाषेत करण्यासारखे एकच काम उरते: ऐकणे.

स्पॅनिश खऱ्या अर्थाने शिकली जाते ती इथे. सेवा संपवून युटात परतलेल्या तरुणांनी तिथल्या भाषा-संस्कृतीला जे दिले त्याचा उगम या नकारांत आहे, अशी माझी धारणा आहे. २००८ साली युटाच्या विधिमंडळाने शाळांमध्ये द्वैभाषिक शिक्षणाला पाठबळ देणारा कायदा केला, तेव्हा राज्यपाल होते जॉन हंट्समन. त्यांनी तरुणपणी तैवानमध्ये मिशनरी म्हणून चिनी शिकून घेतली होती आणि पुढे ते चीनमध्ये अमेरिकेचे राजदूत झाले. आज त्या राज्यातली अनेक मुले पहिलीपासून अर्धा दिवस स्पॅनिश, चिनी, फ्रेंच किंवा पोर्तुगीजमध्ये शिकतात, आणि त्या वर्गांत धर्म शिकवला जात नाही. सांगण्यासाठी शिकलेली भाषा एका पिढीनंतर सर्वांच्या उपयोगाची झाली, कारण ती बोलणाऱ्यांना मधल्या काळात कुणीतरी ऐकायला लावले होते.

म्हणून केंद्रातल्या सहा आठवड्यांत एक भर पडावी असे मला वाटते. सरावाच्या भेटींपैकी काही भेटींत धडा नसावा, आमंत्रण नसावे; समोरच्याची गोष्ट ऐकून ती त्याला मान्य होईल अशी परत सांगता येणे, एवढीच कसोटी असावी. यामुळे श्रद्धा कमी होणार नाही. ज्या श्रद्धेला ऐकण्याची भीती वाटते ती दोन वर्षे टिकतही नाही. ही सूचना फक्त मॉर्मन चर्चपुरती नाही. २०२४ साली महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला आणि आपली मुले-मुली नोकरीसाठी काही महिन्यांत जर्मन शिकू लागली. त्यांचाही हेतू नेमका आहे, म्हणून त्यांचीही जीभ लवकर सुटेल. पण परिचारिकेला रुग्णाच्या खाटेपाशी सूचना देण्याइतकीच जर्मन आली आणि त्याचे दुखणे ऐकण्याइतकी आली नाही, तर तिची भाषा कामापुरतीच राहील आणि तीही तिथे परकीच राहील. परभाषेचे कोणतेही प्रशिक्षण जोखायचे असेल तर विद्यार्थी काय बोलू शकतो हा पहिला प्रश्न असावा. दुसरा प्रश्न त्याहून कठीण असावा: त्या भाषेत कुणी त्याचे मत बदलू शकेल का? ज्याला ‘हो’ म्हणता येते त्याला ती भाषा आली असे समजावे.